बीचवरून रमादीला

थायलंडमधल्या फी फी ले बेटावरचा माया बे हा किनारा सरकारने जून २०१८मध्ये पर्यटकांसाठी बंद केला. सुरुवातीला चार महिन्यांपुरता म्हणून. प्रत्यक्षात तो उघडायला २०२२चा जानेवारी उजाडला. रोज येणारी हजारो माणसं आणि त्यांना आणणाऱ्या बोटींचे नांगर यांनी तिथल्या प्रवाळाची पार वाट लावली होती. ही गर्दी वाढली ती २००० साली आलेल्या ‘द बीच’ या सिनेमामुळे. आणि तो ज्या कादंबरीवर बेतला होता तिचा विषय काय, तर मोजक्यांनाच ठाऊक असलेला एक सुंदर किनारा, तो गुपित ठेवायची एका टोळक्याची धडपड आणि नकाशाची एक प्रत भलत्यांच्या हाती गेल्यावर झालेला विचका. गोव्यातल्या हणजूण-वागातोरच्या लोकांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

कादंबरी १९९६ची. लिहिणारा ॲलेक्स गार्लंड तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. पुढे त्याने आणखी दोन कादंबऱ्या लिहिल्या, कादंबरी सोडली, पटकथा लिहिल्या, व्हिडिओ गेमच्या कथा लिहिल्या, एक मालिका केली आणि आता पाच सिनेमे दिग्दर्शक म्हणून त्याच्या नावावर आहेत. त्यातला शेवटचा भागीदारीत. झॉम्बी, सूर्याकडे निघालेलं यान, क्लोन, रोबो, अमेरिकेतली यादवी, इराक... यादी पाहिली की हा माणूस दर वेळी नवं दुकान मांडतो असं वाटतं. मला मात्र सगळीकडे एकच माल दिसतो. जग आधी पडद्यावर पाहिलेल्या माणसासमोर खरं जग येऊन उभं राहिलं की त्याची जी गाळण उडते, त्याची ही गोष्ट गार्लंड गेली तीस वर्षं सांगतो आहे.

‘द बीच’चा नायक रिचर्ड हा पाठीवर बॅग टाकून आशियाभर फिरणारा इंग्रज पोरगा. त्याच्या डोक्यात व्हिएतनाम आहे, पण तो देश नव्हे. हॉलिवूडने दाखवलेलं युद्ध. हातात गेम बॉय. बेटावरच्या पलीकडच्या भागात गांजाची शेती आणि तिथले बंदूकधारी राखणदार. रिचर्ड त्यांच्यावर पाळत ठेवतो ती एखाद्या गस्तीवरच्या सैनिकाच्या थाटात. बँकॉकच्या स्वस्त लॉजमध्ये जीव दिलेला माणूस त्याला भुताच्या रूपात सोबत करतो. समोर माणसं मारली जातात तेव्हाही त्याचा खेळ सुरूच. गार्लंड त्याला रागावत नाही, शहाणपणही शिकवत नाही. रिचर्डच्याच गमतीशीर, बेफिकीर आवाजात सारं सांगतो आणि वाचणारा हळूहळू हादरत जातो. डॅनी बॉयलच्या सिनेमात लिओनार्डो डिकॅप्रिओसाठी रिचर्डला अमेरिकन केलं, प्रेमप्रकरण फुगवलं आणि तो आवाज हरवला. पटकथा गार्लंडची नव्हती, जॉन हॉजची होती.

घर पाहिलं तर हा मुलगा बघण्याच्या धंद्यातच वाढला. वडील निकोलस गार्लंड ‘डेली टेलिग्राफ’चे राजकीय व्यंगचित्रकार, त्यामुळे घरात पत्रकारांचा राबता. आई मनोविश्लेषक. आईचे वडील म्हणजे पीटर मेडावर. एकाचा अवयव दुसऱ्याचं शरीर का नाकारतं, या संशोधनासाठी त्यांना १९६०चं नोबेल मिळालं. नातवाला आधी कॉमिक्स काढायची होती. ‘द कोमा’ ही २००४ची तिसरी, छोटेखानी कादंबरी वडिलांच्या काष्ठठशांच्या चित्रांसह निघाली. त्यानंतर कादंबरी नाही.

तोवर सिनेमाने त्याला ओढलं होतं. २००२चा ‘ट्वेंटी-एट डेज लेटर’ त्याने बॉयलसाठीच लिहिला. बीज ‘रेझिडेंट एव्हिल’ या गेमचं आणि जॉन विंडमच्या जुन्या विज्ञान-कादंबरीचं. इस्पितळात जागा झालेला तरुण बाहेर येतो आणि लंडन रिकामं. वेस्टमिन्स्टर पुलावर चिटपाखरू नाही. ही दृश्यं पहाटे, वाहतूक जेमतेम काही मिनिटं थोपवून घेतली; घरगुती वापराच्या जवळपास जाणारे छोटे डिजिटल कॅमेरे होते म्हणून ते जमलं. चित्र खरखरीत, बातम्यांतल्यासारखं. कॅमेरामन अँथनी डॉड मँटल. याच बॉयलबरोबर त्याने पुढे छोटे डिजिटल कॅमेरे मुंबईच्या गल्लीबोळांत पळवले आणि ‘स्लमडॉग मिलियनेअर’साठी ऑस्कर नेलं.

‘सनशाइन’चा (२००७) पूर्वार्ध भव्य आणि शेवट फसलेला. ‘नेव्हर लेट मी गो’ (२०१०) मात्र थांबून पाहावा. काझुओ इशिगुरो हा गार्लंडचा मित्र. त्याच्या कादंबरीतली मुलं वाढवली जातात ती पुढे अवयव काढून घेण्यासाठी. अवयव-रोपणाची वाट मोकळी करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या नातवाने याची पटकथा लिहावी, हा योगायोग कादंबरीत घातला असता तर संपादकाने खोडला असता.

मग ‘ड्रेड’ (२०१२). पडद्यावर दिग्दर्शक म्हणून नाव पीट ट्रॅव्हिसचं. पण नायक कार्ल अर्बनने पुढे उघड सांगितलं की हा गार्लंडचा पहिला दिग्दर्शित सिनेमा मानायला हवा. दिग्दर्शकाचा उदोउदो गार्लंडला मानवत नाही, सिनेमा सगळ्यांचा असतो असं तो म्हणत आला आहे. तिकीटबारीवर ‘ड्रेड’ आपटला.

‘एक्स माकिना’ २०१५च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये झळकला. सुमारे दीड कोटी डॉलरचं बजेट, हॉलिवूडच्या हिशेबात चणेफुटाणेच. चार मुख्य पात्रं, नॉर्वेच्या डोंगरांतलं एक घर, सात दिवस. सर्च इंजिनचा मालक नेथन आपल्या एका कर्मचाऱ्याला, केलेबला, बोलावतो आणि एव्हा या यंत्राला खरंच मन आहे का हे तपासायला सांगतो. केलेब खोलीतल्या पडद्यावर एव्हाला न्याहाळत बसतो, नेथन दोघांना न्याहाळतो. प्रेक्षक तिघांना. पुढे कळतं, एव्हाचा चेहराच मुळी केलेब इंटरनेटवर कोणत्या बायका पाहतो यावरून घडवलेला आहे. बिचारा पडद्यावरच्याच आवडीत अडकला. आणि एव्हाला काय हवं असतं? शहरातल्या गजबजलेल्या चौकात उभं राहून माणसं बघायची. चॅटबॉट घरोघर पोचायच्या सात-आठ वर्षं आधीचा हा सिनेमा. यंत्राला भावना आहेत का या प्रश्नापेक्षा, यंत्र आपल्याला कुठे पकडतं हे त्याने अचूक ओळखलं होतं.

त्यातली एक खोडी सांगायलाच हवी. केलेब संगणकावर काही ओळींचा प्रोग्रॅम लिहितो. कुणा हौशी मंडळींनी तो खरोखर चालवून पाहिला, तर एका पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक आला. पुस्तक मरे शॅनहनचं, जाणिवेविषयीचं, गार्लंडच्या विचारांना चालना देणारं. एव्हाचं पारदर्शक शरीरही हिरव्या पडद्याविना चित्रित झालं: अलिसिया विकांडर जाळीदार पोशाखात नेहमीसारखा अभिनय करी आणि मागची भिंत नंतर तिच्या अंगातून दिसेल अशी रंगवली जाई. हे काम लंडनच्या डबल निगेटिव्हचं. २०१४मध्ये ती कंपनी मुंबईच्या प्राइम फोकसच्या पंखाखाली आली होती. ‘मॅड मॅक्स’ आणि नव्या ‘स्टार वॉर्स’ला मागे टाकून व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर या छोट्या सिनेमाने नेलं.

‘अ‍ॅनायहिलेशन’ (२०१८) करताना गार्लंडने विचित्र पथ्य पाळलं. जेफ व्हँडरमीरची कादंबरी एकदा वाचली आणि पटकथा लिहिताना पुन्हा उघडली नाही. स्वप्न आठवावं तशी ती आठवत लिहिली. म्हणून मूळ वाचलेले चिडले आणि म्हणूनच सिनेमा स्वतःच्या पायावर उभा राहिला. त्यातलं अस्वल एका मेलेल्या बाईच्या आवाजात ओरडतं, त्या प्रसंगी मी आवाज कमी केला होता. अमेरिका, कॅनडा आणि चीन वगळता जगभर तो नेटफ्लिक्सवर आला, म्हणजे आपल्याला घरच्या टीव्हीवर भागवावं लागलं. असा सिनेमा टीव्हीवर पाहणं हा अन्याय आहे. ‘डेव्ह्ज’ या २०२०च्या मालिकेत तर गेलेला काळ पडद्यावर दाखवणारं यंत्रच आहे. कल्पना जबरदस्त, पण आठ भागांत पात्रं एकमेकांना व्याख्यानं फार देतात. ‘मेन’बद्दल (२०२२) एवढंच की गावातल्या जवळपास सगळ्या पुरुषांच्या भूमिका रोरी किनिअर एकटा करतो, आणि गंमत तिथेच संपते.

‘सिव्हिल वॉर’ (२०२४) पुन्हा तीच वाट धरतो. न्यू यॉर्कहून वॉशिंग्टनकडे एक गाडी निघते. आत पत्रकार, त्यांत मुरलेली युद्ध-छायाचित्रकार ली आणि तिला देव मानणारी पोरसवदा जेसी. युद्ध का पेटलं हे सिनेमा सांगत नाही, कॅलिफोर्निया आणि टेक्सस एकत्र लढतात हेही पटवून देत नाही. यावरून गार्लंडला बऱ्याच शिव्या बसल्या. तक्रार खोटी नाही, पण सिनेमाचं लक्ष दुसरीकडे आहे. जेसी शटर दाबते, आवाज बंद होतो, क्षणभर स्थिर छायाचित्र, मग पुन्हा गोळीबार. सुरुवातीला भेदरलेली ही मुलगी शेवटी, ली तिला वाचवताना कोसळते तेव्हा, कॅमेरा खाली घेत नाही. रिचर्ड पुन्हा भेटला, फक्त आता त्याच्याकडे प्रेसचं ओळखपत्र आहे.

याच सिनेमाचा लष्करी सल्लागार रे मेंडोझा हा नेव्ही सीलमधला माजी जवान. नोव्हेंबर २००६मध्ये इराकच्या रमादीत त्याची तुकडी एका घरात अडकली होती. गंभीर जखमी झालेल्या एका साथीदाराला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही. त्याच्यासाठी तो दिवस उभा करायचा, ही मेंडोझाची इच्छा. दोघांनी मिळून केलेला ‘वॉरफेअर’ २०२५मध्ये आला. नियम एकच: तिथे असलेल्यांच्या आठवणीत नाही ते पडद्यावर नाही. सुरुवातीला जवान एका पडद्यापुढे गर्दी करून नाचगाण्याचा व्हिडिओ पाहत असतात, आणि त्यानंतर पार्श्वसंगीत नावाचा प्रकारच नाही. कुणी घरच्या प्रेयसीबद्दल बोलत नाही, कुणी भाषण करत नाही. बराच वेळ तर काही घडतच नाही. घडतं तेव्हा एक जखमी माणूस किंचाळत राहतो, आणि सिनेमात अशा वेळी जे सोयीस्कर कट येतात ते येत नाहीत.

माझी यावर एक तक्रार आहे. ज्यांचं घर बळकावलं ते इराकी कुटुंब एका खोलीत कोंबलेलं राहतं आणि सिनेमाही त्यांना बराच वेळ तिथेच ठेवतो. आठवणारे सगळे एकाच बाजूचे असले की पथ्य कितीही कडक पाळा, आठवणही त्याच बाजूची होते.

दिग्दर्शनातून थोडं बाजूला होऊन लिहायचं, असं गार्लंड २०२४मध्ये म्हणाला होता. लिहिलंही: बॉयलसाठी ‘ट्वेंटी-एट इयर्स लेटर’, ज्याचा मोठा भाग आयफोनवर चित्रित झाला. पण मे २०२५मध्ये ‘एल्डन रिंग’ या जपानी गेमवरचा सिनेमा तोच लिहिणार आणि दिग्दर्शित करणार असल्याचं जाहीर झालं. या गेमची ख्याती अशी की खेळणारा सारखा मरतो आणि मुकाट उठून पुन्हा लढायला जातो. ‘वॉरफेअर’मधली ती न संपणारी किंकाळी रेकॉर्ड केलेला माणूस अशा मरणाचं काय करतो, हे बघायला मी पहिल्या आठवड्यात तिकीट काढणार आहे.