वाचनालयाची चावी कोणाकडे?

ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' थोडे कमी केलेत, सगळे नाही.

विषय आहे सार्वजनिक वाचनालय. सुरुवात होते आमच्या मढच्या जेट्टीवर, जून महिन्यात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली असतात. शेजारचे एक काका असेच बसले होते. त्यांची मुलगी बारावीला. घर दोन खोल्यांचं, त्यात सहा माणसं आणि एक टीव्ही. ती अभ्यासिकेत जायला 271 नंबरची बस पकडून मालाडला जाते. ट्रॅफिक लागला तर जाण्यायेण्यात तिची संध्याकाळच संपते. वर्सोवा समोर दिसतं, फेरीने पाच मिनिटं. पण पावसात फेरीचा भरवसा नाही.

काका म्हणाले, "तू इंजिनियर ना? आपल्याकडं वाचनालय काढायचं तर काय लागतं?"

मी लगेच म्हणालो, "काका, ॲपच बनवूया. सगळी पुस्तकं मोबाईलवर!"

त्यांनी जाळ्यातून मान वर केली. "मोबाईल हाय तिच्याकडं. बसाला जागा नाय."

मी गप्प. त्या रात्री शोधायला बसलो, त्यातून हा भाग झाला.

आधी कायदा समजून घेऊ

भारतातला पहिला ग्रंथालय कायदा आपल्याच मातीतला आहे, 1945 चा, कोल्हापूर संस्थानचा. मग 1948 मध्ये मद्रास प्रांताने कायदा केला आणि त्यात मालमत्ता करासोबत वेगळा ग्रंथालय उपकर घेण्याची सोय ठेवली. म्हणजे घरपट्टीसोबत भरलेली थोडी जास्तीची रक्कम वाचनालयांसाठी जाते.

महाराष्ट्राचा कायदा 1967 चा. त्यात असा उपकर नाही. आपल्याकडची पद्धत अशी की लोकांनी संस्था काढायची, ती नोंदवायची, जागा बघायची, पुस्तकं जमवायची आणि वाचनालय चालवून दाखवायचं. मग शासन मान्यता देतं, अ, ब, क, ड असा वर्ग ठरवतं आणि त्याप्रमाणे अनुदान देतं.

याची मुळं जुनी आहेत. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, मुंबईचं 1898 चं. ही दोन्ही लोकांनी वर्गणी काढून उभी केली. कायद्याने तीच पद्धत पुढे चालवली, आणि त्यातून महाराष्ट्रात हजारो वाचनालयं उभी राहिली. हे यश छोटं नाही.

पण यात एक अडचण आहे. ज्या वस्तीत वेळ, जागा आणि कागदपत्रं करणारी माणसं आहेत, तिथे वाचनालय होतं. जिथे पहाटे बोटीवर आणि दुपारी बोंबील वाळवायला जायचं, तिथे संस्थेची घटना लिहायला कोण बसणार?

पैशाचं गणित

2022 मध्ये अनुदान 60 टक्क्यांनी वाढलं. सगळ्यात लहान, म्हणजे ड वर्गाच्या वाचनालयाचं 30 हजारांवरून 48 हजार झालं. पण हा आकडा वर्षाचा होता! महिन्याला 4 हजार. त्यातला अर्धा पगारासाठी, उरलेल्या अर्ध्यात पुस्तकं, पेपर, वीजबिल. मुंबईच्या उपनगरात 2 हजार रुपये महिन्यावर रोज संध्याकाळी दार उघडायला कोण येईल, तुम्हीच सांगा. शिवाय 2012 च्या पडताळणीनंतर नवीन मान्यता बरीच वर्षं थांबल्या होत्या. त्यामुळे 'संस्था काढू, अनुदान येईल' या भरवशावर सुरुवात करण्यात अर्थ नाही.

मग पुस्तकं आणायची कुठून?

आमच्या धंद्यात सर्व्हर लांब असला की एक सोपी युक्ती करतात. जे जास्त लागतं त्याची प्रत वापरणाऱ्याजवळ ठेवायची आणि अधूनमधून बदलायची. तिला कॅश म्हणतात. मला वाटलं, हे वाचनालयात करता येईल. नंतर कळलं, शंभर वर्षांपूर्वीच करून झालंय. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं आणि गावोगाव पुस्तकांच्या लाकडी पेट्या फिरवल्या. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमातही शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते, वाचून झाली की बदलते.

म्हणजे पुस्तकांचा प्रश्न पेटीने सुटू शकतो. जागेचा नाही. पेटीत बसून बारावीचा अभ्यास होत नाही.

जागा होतीच

मी काकांकडे परत गेलो, हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, जागा काय, हॉल हाय ना. आमच्या पाड्यातला तो हॉल लग्न, हळद आणि मीटिंग सोडली तर बंदच असतो. पंखे आहेत, ट्यूबलाइट आहेत, खुर्च्या आहेत. मग नडतंय कुठे? तर चावी एका माणसाकडे, आणि तो माणूस बोटीवर.

मला या सगळ्यातून एवढं कळलं की वाचनालय म्हणजे तीन गोष्टी: जागा, पुस्तकं आणि चावी. आपण भाषणं पुस्तकांवर करतो, भांडतो जागेवरून, आणि काम अडतं चावीपाशी. रोज ठरलेल्या वेळी दार उघडणारा माणूस हाच सगळ्यात महाग भाग आहे, आणि अनुदानात त्याला फारच कमी मिळतं.

आम्ही चावीच्या तीन प्रती केल्या. संध्याकाळी सात ते दहा, वार वाटून घेतले. मंगळवार आणि शुक्रवार माझे, कारण तेव्हा मी घरून काम करतो. लग्नाच्या दिवशी बंद. पुस्तकं सध्या एका कपाटात, लोकांनी दिलेली. त्यात निम्मी जुनी गाइडं आहेत, लपवत नाही. पेपर दोन येतात. काकांची मुलगी खिडकीजवळ बसते. तिच्यामुळे आणखी पाच-सहा मुली येतात. आठवड्यातून एकदा काका स्वतः पेपर वाचायला येतात आणि मोठ्याने वाचतात, मग मुली त्यांना बाहेर काढतात.

ऑगस्टमध्ये बोटी परत समुद्रात गेल्या. तिसरी चावी ज्याच्याकडे होती तोही गेला. त्याचे दोन वार सध्या त्याची बायको सांभाळते, जाळ्याचं कामही तिथेच घेऊन बसते. पुढच्या जूनपर्यंत हे टिकलं तर संस्था नोंदवायची असं ठरलंय.

तुमच्या भागातही असा एखादा बंद हॉल असेल. समाजमंदिर, सोसायटीचं ऑफिस, शाळेची खोली. पुस्तकं जमवायच्या आधी एकच चौकशी करा: चावी कोणाकडे आहे? उत्तर मिळालं तर आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.