वाऱ्यावर की नांगरावर?

ट्राउट हा थंड आणि स्वच्छ पाण्यातील मासा. ब्रिटनमधून आणलेले ट्राउट १९०० च्या सुमारास काश्मीरच्या प्रवाहांत रुजले आणि आजही तेथे हौशी मंडळी गुडघाभर पाण्यात उभी राहून ते पकडताना दिसतात. पिसे, लोकर आणि रेशमी धागा गळावर गुंडाळून तयार केलेली कृत्रिम माशी हे या छंदाचे प्रमुख साधन. म्हणूनच त्याला ‘फ्लाय फिशिंग’ असे नाव मिळाले. माशी जवळजवळ वजनहीन असते. त्यामुळे प्रत्यक्षात फेकली जाते ती तिच्यामागची जाड दोरी, आणि माशी तिच्या ओढीने जाते.

ब्रिटन व आयर्लंडमधील विस्तीर्ण तलावांवर हाच छंद होडीतून जोपासला जातो. तेथे होडीत पाऊल ठेवताच पहिला प्रश्न उभा राहतो : होडी वाऱ्यावर वाहू द्यावी की नांगर टाकून एका जागी स्थिर करावी? प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु भाड्याने घेतलेल्या होडीचा संपूर्ण दिवस सार्थकी लागणे या निर्णयावर अवलंबून असते. प्रसंगी जिवाची सुरक्षितताही.

वाऱ्याच्या संगतीने

स्कॉटलंडमधील किनरॉस गावालगतचा ‘लॉक लेव्हन’ हा तलाव ट्राउटसाठी जगभर ख्यातनाम आहे. ‘लॉक’ या स्कॉटिश शब्दाचा अर्थच तलाव असा होतो. याच तलावातील एका बेटावरच्या किल्ल्यात स्कॉटलंडची राणी मेरी १५६७ मध्ये बंदिवासात होती आणि १५६८ च्या मे महिन्यात होडीतूनच तिने आपली सुटका करून घेतली. सुमारे तेरा चौरस किलोमीटर विस्ताराच्या या तलावाची सरासरी खोली जेमतेम चार मीटर आहे. अशा उथळ तलावांना वाहत्या होडीची पद्धत विशेष मानवते. तिला ‘लॉक-स्टाइल’ म्हणतात आणि या पद्धतीच्या स्पर्धांमध्ये नांगर टाकण्यास मज्जाव असतो.

होडी वाऱ्याला आडवी ठेवली जाते. दोघे जण वाऱ्याकडे पाठ करून बसतात आणि होडीच्या पुढ्यात आखूड अंतरावर दोरी फेकतात. दोरीच्या टोकाशी जोडलेल्या बारीक पारदर्शक धाग्यावर बहुधा तीन माश्या असतात. त्यांपैकी होडीला सर्वांत जवळची माशी काठी हळूहळू उचलत पाण्याच्या पृष्ठभागावर नाचवली जाते. पृष्ठभागालगत चरणारा ट्राउट बहुधा वाऱ्याच्या उलट दिशेने पोहतो. कारण वाऱ्याबरोबर वाहत येणारे कीटक मग आपसूक त्याच्या तोंडाशी येतात. साहजिकच होडी आणि मासा समोरासमोर येतात, आणि दर फेकीला माशी नव्या पाण्यात उतरते. सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहणारी होडी तासाभरात अठराशे मीटर अंतर कापते. मासे नेमके कोठे आहेत हे ठाऊक नसताना शोध घेण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

वाऱ्याने जोर धरला की मात्र होडी आपल्याच माशीवर धावून जाते. दोरी सैल पडते आणि माशाने घास घेतल्याचे हाताला जाणवतच नाही. अशा वेळी ‘ड्रोग’ उपयोगी पडतो. ही पाण्याखाली उघडणारी कापडी छत्री होय. वारा ज्या बाजूने येतो, त्या बाजूला ती दोराने बांधून पाण्यात सोडली की होडीचा वेग मंदावतो.

खोलीचे गणित

ऊन चढले की ट्राउट अनेकदा खोल पाण्यात उतरतो, आणि येथे वाहत्या होडीची मर्यादा उघड होते. समजा, दोरी सेकंदाला दहा सेंटीमीटर या वेगाने बुडते आणि मासे तीन मीटर खोलीवर आहेत. माशी तेथवर पोहोचण्यास तीस सेकंद लागतील. तेवढ्या वेळात अर्धा मीटर वेगाने वाहणारी होडी पंधरा मीटर पुढे गेलेली असेल. फेकच पंधरा मीटरची असेल, तर माशी योग्य खोलीवर पोहोचते तेव्हा होडी तिच्या माथ्यावर आलेली असते. नांगरलेल्या होडीतून मात्र सावकाश सेकंद मोजावेत आणि हव्या त्या खोलीवरून माशी ओढून आणावी.

इंग्लंडमधील ‘रटलंड वॉटर’ हा १९७० च्या दशकात धरण बांधून निर्माण केलेला जलाशय विस्ताराने जवळपास लॉक लेव्हनएवढाच आहे. पण धरणाकडे त्याची खोली तीस मीटरच्या पुढे जाते. अशा जलाशयांवर वाहत्या होड्यांबरोबर नांगरलेल्या होड्याही दिसतात. डासासारख्या दिसणाऱ्या, परंतु न चावणाऱ्या चिरोनोमिड कीटकांचे कोश तळाच्या चिखलातून अतिशय संथपणे वर येतात. त्यांची हुबेहूब नक्कल करायची, तर माशीही जवळजवळ स्थिरच हवी. अशा वेळी नांगराला पर्याय नाही.

नांगराची शिस्त

नांगर नेहमी होडीच्या पुढच्या टोकाकडून, म्हणजे नाळेवरून सोडावा. मग होडी वाऱ्याला व लाटांना सामोरी राहते. मागची बाजू सखल असते. तिकडून नांगर टाकल्यास लाटा थेट आत येतात. मध्यभागी बांधल्यास होडी लाटांना आडवी राहून कलंडण्याचा धोका असतो. दोराची लांबी पाण्याच्या खोलीच्या किमान तिप्पट असावी. सहा मीटर पाण्यात किमान अठरा मीटर. दोर आखूड असेल, तर ओढ वरच्या दिशेने बसून नांगर उखडतो. नांगराजवळ थोडी साखळी जोडली, तर पकड अधिक पक्की होते. लाटा वाढू लागल्या, तर दोर आणखी सोडावा किंवा सरळ किनारा गाठावा. तरंगते जाकीट तर दोन्ही पद्धतींत अंगावर असलेच पाहिजे.

शेजाऱ्याचाही विचार हवा. वाहत येणाऱ्या होडीच्या वाटेत नांगर टाकणे अशिष्ट मानले जाते. वाहून झालेल्या होडीनेही माघारी जाताना इतरांच्या पुढ्यातील पाणी न ढवळता वळसा घालून जावे, असा संकेत आहे.

निर्णय कसा घ्यावा?

अनुभवी मंडळी या दोन पद्धतींत वैर मानत नाहीत. सकाळी होडी वाऱ्यावर सोडून ते तलाव धुंडाळतात. एकाच पट्ट्यात दोन-तीनदा घास लागला, की ती जागा काठावरच्या खुणांवरून ध्यानात ठेवतात आणि तिच्या वरच्या अंगाला, वाऱ्याच्या बाजूस जाऊन अलगद नांगर टाकतात. मासा सापडेपर्यंत वारा आणि सापडल्यावर नांगर, असा हा साधा क्रम आहे.

खरी कसोटी त्यापुढची. मासे चरत चरत जागा बदलतात. नांगरलेली होडी मात्र तेथेच राहते. सकाळी चार मासे देणारी जागा दुपारी रिकामी असू शकते, आणि तरीही त्या चार माशांची आठवण माणसाला तेथे बांधून ठेवते. माशीची खोली बदलून पाहिली, माशी बदलली, ओढण्याचा वेग बदलला आणि तरीही दोरी निश्चल राहिली, तर नांगर उचलावा आणि होडी पुन्हा वाऱ्याच्या स्वाधीन करावी. नांगर टाकण्याचे तंत्र एका दिवसात शिकता येते. तो वेळीच उचलण्याची जाण यायला मात्र अनेक हंगाम जावे लागतात.