डबे तेच, इंजिन नवे!

मनमाड जंक्शनावर इंजिन बदलताना तुमच्यापैकी कोणाच्या वडीलधाऱ्यांनी पाहिले असेल, तर त्यांना अवश्य विचारा. मराठवाड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर विजेच्या तारा नव्हत्या, तेव्हा मुंबईकडून विजेच्या इंजिनावर आलेल्या गाड्यांचे इंजिन येथे सोडवीत आणि पुढच्या प्रवासासाठी डिझेल इंजिन जोडीत. प्रवाशांना जागचे उठावेही लागत नसे. २००९ साली मुलांच्या एका स्वस्त लॅपटॉपच्या बाबतीत नेमके हेच घडले.

या लॅपटॉपचे नाव ‘एक्सओ’. निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ साली शंभर डॉलरच्या संगणकाची कल्पना जगापुढे मांडली. २००७ मध्ये उत्पादन सुरू झाले तेव्हा खर्च जवळजवळ दुप्पट निघाला, ही गोष्ट वेगळी! त्याच वर्षी रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात या लहानशा गावातील शाळेत हे हिरवे-पांढरे यंत्र मुलांच्या हाती आले. धूळ-पाणी शिरू नये म्हणून त्याच्या कळफलकावर रबराचे आवरण होते. आत फिरणारी तबकडी नव्हती, त्यामुळे पडझडीचे भय कमी. पडदा तर असा, की भर उन्हातही अक्षरे वाचता यावीत.

मग उणीव कशाची होती? मेमरीची. मेमरी म्हणजे तुमचे अभ्यासाचे टेबल आणि साठवण म्हणजे कपाट, असे समजा. पहिल्या एक्सओचे टेबल होते २५६ मेगाबाइटचे. टेबल भरले की नेहमीचा संगणक काही कागद तात्पुरते कपाटात ठेवतो. परंतु येथे कपाटच अवघे १ गिगाबाइटचे. शिवाय ते फ्लॅश जातीचे, म्हणजे वारंवार लिहिण्या-पुसण्याने झिजणारे. साहजिकच दोन-तीन कामे एकदम उघडली की यंत्र अडखळे.

नव्या ‘एक्सओ-१.५’ मध्ये मेमरी १ गिगाबाइट आणि साठवण ४ गिगाबाइट झाली. प्रोसेसरचे ठोके सेकंदाला ४३ कोटी ३० लाखांवरून १०० कोटींपर्यंत गेले. कवच, पडदा आणि बॅटरी मात्र जुनीच ठेवली. यात कंजूषपणा नव्हता. प्लॅस्टिकच्या कवचाचे साचे फार महाग पडतात आणि सुटे भाग सारखे असले की दुरुस्ती सोपी होते. माझ्या मते वेगापेक्षा मेमरीची वाढच मुलांना अधिक उपयोगी पडणारी होती.

पण वेग फुकट मिळत नाही. प्रोसेसरमधील सूक्ष्म स्विच प्रत्येक ठोक्याला विद्युतभार घेतात व सोडतात. ठोके दुप्पट झाले, की या कामी लागणारी वीजही दुप्पट. त्यासाठी विद्युतदाब वाढवावा लागला तर खर्च आणखी चढतो, कारण दाब दुप्पट केल्यास खर्च चौपट होतो! म्हणून काम नसेल तेव्हा हा प्रोसेसर आपले ठोके ४० कोटींपर्यंत उतरवीत असे. ज्या गावात भारनियमनामुळे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तेथे ही काटकसर फार मोलाची. पुढच्या ‘एक्सओ-१.७५’ मध्ये तर विजेचा खर्च निम्म्यावर आणण्यासाठी मोबाइल फोनमध्ये असतो त्या ‘आर्म’ घराण्याचा प्रोसेसर बसविण्यात आला. बाहेरून पाहणाऱ्याला फरक जाणवू नये, इतके कवच सारखे!

आता थोडे गणित करा. एक्सओच्या बॅटरीत सुमारे २० वॅट-तास ऊर्जा मावते. यंत्राने ५ वॅट घेतले तर ते ४ तास चालेल. तेच ८ वॅट घेऊ लागले तर? अडीच तास. तुमच्या शाळेत लॅपटॉप असेल तर त्याच्या बॅटरीवर छापलेला वॅट-तासांचा आकडा टिपून घ्या. पूर्ण भारलेली बॅटरी किती तास पुरते ते घड्याळ लावून पाहा आणि त्या तासांनी आकड्याला भागा. मग पडद्याचा उजेड कमी करून प्रयोग पुन्हा करा. दोन उत्तरांत किती अंतर पडले?