परिच्छेदनिहाय मजकूर-शोध
संगणकावरील मजकूर-फाइलींमधून इष्ट शब्द वा शब्दाकृती असलेले संपूर्ण परिच्छेद लेखी आज्ञांद्वारे निवडून काढण्याची पद्धती. शोधाचे एकक ओळ असावे की परिच्छेद, हा यातील मूळ प्रश्न होय.

बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन यांनी युनिक्स प्रणालीसाठी रचलेली ग्रेप ही आज्ञा (१९७३) फाइल ओळीओळीने तपासते व नमुन्याशी जुळणारी ओळ छापते. एका ओळीत एक नोंद असलेल्या याद्यांना ती सोयीची पडते. गद्यात मात्र ‘दुष्काळ’ व ‘कर्ज’ हे शब्द एकाच परिच्छेदात, पण निरनिराळ्या ओळींवर असल्यास ते एकत्र सापडत नाहीत. जुळलेल्या ओळीच्या मागच्यापुढच्या ठराविक ओळी ग्नू ग्रेपला छापता येतात. तथापि परिच्छेदांची लांबी सारखी नसल्याने हा उपाय अपुरा ठरतो.

ॲल्फ्रेड एहो, पीटर वाइनबर्गर व ब्रायन कर्निहॅन यांनी १९७७ मध्ये तयार केलेल्या ऑक या भाषेत ही अडचण दूर होते. तिच्यातील ‘आरएस’ हा चल एक नोंद कोठे संपते ते ठरवितो. त्यास रिक्त मूल्य दिले, की कोऱ्या ओळी या सीमा मानल्या जातात व प्रत्येक परिच्छेद ही एक नोंद होते. मग दोन नमुने ‘आणि’ या तार्किक क्रियेने जोडल्यास दोन्ही शब्द असलेले परिच्छेदच तेवढे मिळतात. लॅरी वॉल यांच्या पर्ल भाषेत (१९८७) हेच कार्य उणे चिन्हापुढे दोन शून्ये लिहून साधते.

सीमारेषा ठरणारी ओळ खरोखरच कोरी असावी लागते. तीत एखादी मोकळी जागा, अथवा विंडोज प्रणालीतील फाइलींत ओळीअखेर येणारे जादा नियंत्रण-चिन्ह राहिल्यास लगतचे परिच्छेद एकच गणले जातात आणि परस्परांशी संबंध नसलेले शब्द एकत्र आढळल्याचा भास होतो. मराठीत आणखी एक अडचण उद्‌भवते. ‘दुसऱ्या’ यासारख्या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन निराळ्या चिन्हक्रमांनी लिहिता येतो. पडद्यावर रूप सारखे दिसले, तरी एका क्रमाने केलेल्या शोधात दुसरा सापडत नाही. यास्तव शोधापूर्वी फाइलीतील कोऱ्या ओळी व अक्षरांचे संकेतन एकसारखे करून घेणे आवश्यक असते. तसे न करता केलेला शोध निष्फळ ठरला, एवढ्यावरून तो शब्द मजकुरात नाही असा निष्कर्ष काढता येत नाही.