खांदेरीचा दिवा

आपल्या बुलढाण्यापासून समुद्र फार दूर. तरी आठवडी बाजारातले सुकट-बोंबील तिकडूनच येतात, आणि कढईतले पामतेल तर परदेशातून जहाजाने येते. या होड्या आणि जहाजे रात्री वाट कशी ओळखतात? आज आपण अशाच एका दिव्याची गोष्ट समजून घेऊ.

रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ थळ गाव आहे. त्याच्यासमोर समुद्रात खांदेरी हे छोटे बेट आहे. आपल्या सिंदखेडराजाच्या जिजाऊंचे पुत्र शिवाजी महाराज यांनी १६७९ साली तिथे किल्ला बांधायला घेतला. मुंबई बंदराची वाट तिथून नजरेत राहते. म्हणून मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांनीही आरमार पाठवले. लढाया झाल्या, पण खांदेरी मराठ्यांनी सोडली नाही.

पुढे इंग्रजांचे राज्य आले. मुंबईकडे जहाजांची ये-जा वाढली. अंधारात खडकावर आदळण्याची भीती असे. म्हणून १८६७ साली याच बेटावर दीपस्तंभ उभा राहिला. उंची सुमारे २५ मीटर, म्हणजे सात-आठ मजली इमारतीएवढी. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे दिवा जितका उंच, तितका लांबून दिसतो.

साधा दिवा एवढ्या लांब कसा पोचतो? दिव्याचा उजेड चहूकडे पांगतो. त्याच्याभोवती बसवलेली खास भिंगे तो उजेड गोळा करून झोताने समुद्राकडे पाठवतात. फ्रान्सच्या ऑगस्टिन फ्रेनेल यांनी १८२० नंतरच्या दशकात दीपस्तंभासाठी अशी भिंगे बनवली. जुन्या काळी दीपस्तंभांत तेलाचे दिवे असत. रखवालदार तेल भरत, वात कापत, काच पुसत. कंदिलाच्या काचेवर काजळी धरली की काय होते, हे आपल्याला कुणी सांगायला नको!

शेजारशेजारच्या दीपस्तंभांची लुकलुक वेगळी ठेवतात. कुणाची एकेकदा, कुणाची दोन-दोनदा. ही खूण समुद्राच्या नकाशावर लिहिलेली असते. खलाशी सेकंद मोजतो आणि आपण कुठे आहोत ते ओळखतो.

आता मोबाइलवरही ठिकाण कळते. पण भर समुद्रात बॅटरी संपली, यंत्र बिघडले, तर घरी परतणाऱ्या कोळी बांधवाला डोळ्यांनी दिसणारा दिवाच आधार.

२०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत खांदेरीही आहे. गटाची सहल कधी अलिबागला गेली, तर दिवेलागणीनंतर थळच्या किनाऱ्यावर जरूर थांबा. समुद्राकडे बघा आणि लुकलुकीचे सेकंद मोजा.