थंडीची कमाई

लेह-लडाख ट्रिपचे फोटो आता प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. पण ज्या पठारावर आपण जेमतेम दोन रात्री काढून येतो, तिथे बकऱ्या आणि याकांबरोबर बारा महिने कसे जातात? उत्तरेतल्या एका वर्षाची ही खबरबात...

लग्नाचा सीझन आला की घरोघरी कपाटातून एक शाल बाहेर निघते. ‘प्युअर पश्मिना आहे हं!’ असं आवर्जून सांगितलं जातं. एखादी उत्साही मावशी ती अंगठीतून ओढूनही दाखवते. सगळे ‘वॉव’ म्हणतात आणि विषय संपतो. ही ऊब आली कुठून, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही.

ती येते चांगथांगहून. लडाखच्या पूर्वेला, थेट तिबेटमध्ये पसरत गेलेलं हे पठार. उंची चार हजार मीटरच्या वर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर आणखी एक कळसूबाई ठेवलं तरी आपण चांगथांगच्या खालीच! इथे झाडं जवळपास नाहीत, शेती अगदी थोडी. आहे ते खुरटं गवत, वारा आणि हिवाळ्यात उणे तीसच्याही खाली घसरणारा पारा. अशा ठिकाणी चांगपा नावाचे भटके पशुपालक बकऱ्या, मेंढ्या, याक आणि घोडे सांभाळत पिढ्यान् पिढ्या राहत आलेत.

आपलं वर्ष कसं, एका अप्रेझलपासून दुसऱ्या अप्रेझलपर्यंत! मधे दिवाळी बोनस, एखादा लाँग वीकेण्ड. चांगपांचं वर्ष ठरतं ते बकरीच्या अंगावर काय चाललंय त्यावरून.

ओव्हरटाइमचे महिने

दिवस लहान व्हायला लागले, की चांगथांगी बकरीच्या जाड, राठ केसांच्या खाली एक मऊसूत लव दाट होत जाते. हे तिचं स्वतःचं थर्मल. या लवेचा एकेक तंतू साधारण १२ ते १५ मायक्रॉन जाडीचा असतो. आपला केस ढोबळमानानं ७० मायक्रॉनचा धरला, तर चार-पाच तंतू मिळून एक केस होईल. सगळी दुनिया ज्याला पश्मिना म्हणते, तो हाच.

पण तो अंगावर बाळगणारी बकरी हिवाळाभर जगवायची कशी? चांगपांचं प्लॅनिंग इथे सॉलिड असतं. हिवाळ्यासाठीची कुरणं राखून ठेवलेली असतात. उन्हाळ्यात तिथे कुणी जनावरं घालायची नाहीत. कुठल्या कुरणावर कधी जायचं, हे गावाचा मुखिया म्हणजे ‘गोबा’ आणि इतर जाणती मंडळी मिळून ठरवतात. आपल्याकडे दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणात उतरतात, त्यामागे जसा पक्का हिशेब असतो, तसाच इथेही. फिरणं म्हणजे भटकणं नव्हे!

हिशेब कितीही पक्का असला तरी आभाळ कुणाचं ऐकत नाही. २०१३च्या सुरुवातीला इथे इतका बर्फ पडला, की गवत त्याखाली गाडलं गेलं आणि हजारो जनावरं उपाशी मेली. बर्फ फारच कमी पडला तरी पंचाईत, कारण मग उन्हाळ्यात गवताला पाणी कुठून मिळणार? जास्तही नको आणि कमीही नको, अशी ही तारेवरची कसरत.

त्यातच हिवाळा सरता सरता बकऱ्या विऊ लागतात. पाच महिन्यांचं गाभणपण कडाक्याच्या थंडीत संपतं आणि करडं जन्माला येतात ती बर्फाळ वाऱ्यात. ओल्या अंगाचं करडू बाहेर राहिलं तर वाचण्याची आशा कमीच. म्हणून नवजात करडं माणसांबरोबर तंबूत येतात. रात्री-अपरात्री उठायचं, कोरडं करायचं, आईला लावायचं. ‘आज बरं वाटत नाहीये, वर्क फ्रॉम होम करतो’ असा मेल टाकायची सोय नाही. आणि घरातच करडं असल्यावर वेगळं वर्क फ्रॉम होम ते काय करणार?

पगाराचा दिवस

वसंत संपून ऊन तापायला लागलं, की थर्मलची गरज संपते आणि लव आपोआप सुटू लागते. मेच्या आसपास सुरू होऊन पुढचे काही आठवडे हा सगळा हंगाम चालतो. बकरीचे पाय बांधून तिला आडवं करायचं आणि लांब दातांच्या फणीनं विंचरायचं. कातरायचं नाही. कातरलं तर वरचे राठ केस जास्त येतात आणि मालाची किंमत घसरते.

एका बकरीकडून अंदाजे पाव किलो कच्चा माल मिळतो. त्यात केस, माती, तेलकटपणा सगळं आलं. साफ केल्यावर उरतं ते निम्म्याहूनही कमी. म्हणूनच एका शालीला साधारण तीन-चार बकऱ्यांचा वर्षभराचा ऐवज लागतो. पाचशे जणांच्या लग्नात त्या शालीनं किती कौतुक मिळवलं असेल, ते सोडून द्या. पण चार बकऱ्यांची अख्खी थंडी तिच्यात विणलेली असते.

लडाखमध्ये वर्षाला सुमारे ५० टन कच्चा पश्मिना निघतो. जगाच्या बाजारात हा आकडा अगदीच किरकोळ. बहुतेक माल येतो तो चीन आणि मंगोलियातून. चांगथांगचा पश्मिना मात्र परंपरेनं काश्मीरला जातो. तिथे हातानं सूत काढायचं, विणायचं, भरतकाम करायचं. हा व्यापार इतका जुना, की १६८४च्या तिंगमोसगांगच्या तहातही त्याची व्यवस्था लावलेली होती. २०००च्या दशकात लेहमध्येच केस वेगळे करणारा यांत्रिक प्रकल्प सुरू झाला. त्यामुळे कच्च्या मालाला थोडी तरी किंमत जवळच मिळू लागली. तरीही फंडा तोच, मालावर जितके हात फिरतात, तितकी किंमत चढत जाते आणि पहिला हात मात्र सगळ्यात स्वस्त राहतो.

उन्हाळ्याची गंमत

जुलै-ऑगस्ट म्हणजे चांगथांगचा हॅपी अवर! गवत हिरवं, दूध भरपूर. बकऱ्या-मेंढ्यांना समोरासमोर दोन रांगांत उभं करून एकाच दोरात माना अडकवतात आणि बायका एकीमागून एक दूध काढत जातात. पाहिलंत तर वाटेल, कुणीतरी जनावरांची वेणी घातलीय! मग दही, लोणी आणि उन्हात वाळवून ठेवायचं ‘छुर्पे’. हिवाळ्यातल्या मिठाच्या लोणी-चहाची तयारी आत्ताच करायची असते.

याच दिवसांत त्सो मोरिरीच्या काठावरच्या कोरझोक गावी मठाचा गुस्तोर उत्सव भरतो. मुखवट्यांची नृत्यं होतात, लांबच्या कुरणांवरून कुटुंबं येतात. कुणाकडे किती करडं जगली, कुणाचं लग्न ठरलं, लांडग्यानं कुणाचं नुकसान केलं... वर्षभराचा सगळा बॅकलॉग दोन दिवसांत भरून निघतो.

लांडगा आणि हिमबिबट्या यांचंही कळपाशी रोजचंच नातं. पूर्वी लांडग्यांसाठी दगडी खड्ड्यांचे सापळे असत. आत भक्ष्य सोडायचं, लांडगा उतरला की पुन्हा वर येऊ शकत नसे. अलीकडच्या वर्षांत चुशूलच्या लोकांनी असे सापळे निकामी करून तिथे स्तूप उभारला. काही ठिकाणी वाड्यांवर जाळीचं छप्पर घातलं जातंय. नुकसान थांबलं असं नाही, पण आपली जनावरं वाचवायला दुसऱ्याचा जीव घ्यायलाच हवा का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. हे जाम भारी आहे!

रिझाइन करायचं का?

आता खरी गोष्ट. या वर्षाचा सगळा भार उचलायला आहे कोण? मुलं शाळेसाठी बाहेर. भटक्या कुटुंबांतल्या मुलांसाठी पुगाला निवासी शाळा आहे, पुढे लेह, मग चंदिगड-जम्मू. शिकून बाहेर पडलेली पोरं-पोरी आपल्याच वयाची. टॅक्सी चालव, गेस्ट हाउस काढ, सैन्यात जा, असे पर्याय समोर असताना उणे तीसमध्ये करडं पुसायला परत कोण जाणार? खर्नाक भागातली बहुतेक कुटुंबं कळप विकून लेहजवळ स्थायिक झालीत. त्या वस्तीचं नावही खर्नाकलिंग. म्हणजे पठार सुटलं, नाव सोबत आलं.

त्यांना ‘परंपरा सोडू नका रे’ असं एसी ऑफिसातून सांगणं फार सोपं आहे. आपणही गाव सोडूनच आलोय की! म्हाताऱ्या आईसाठी दवाखाना जवळ हवा, मुलाला इंग्लिश यायला हवं, हे कारण लातूरला चालतं आणि खर्नाकला नाही, असं कसं?

शिवाय राहायचं म्हणणाऱ्याचीही वाट सोपी नाही. २०२०च्या सीमेवरच्या तणावानंतर काही हिवाळी कुरणांवर जाता येत नाही, अशी तक्रार तिथले मेंढपाळ करत आलेत. केंद्रीय मंत्रिमंडळानं ऑक्टोबर २०२३मध्ये लडाखमधल्या १३ गिगावॅटच्या हरित ऊर्जा प्रकल्पासाठी वीजवाहिन्यांच्या योजनेला मंजुरी दिली. पठाराचा जो भाग नकाशावर मोकळा दिसतो, तो कुणाचं तरी राखीव कुरण असतो, अशी तिथल्या लोकांची काळजी आहे. हिवाळ्याचं कुरण गेलं तर मेच्या पगाराचा विषयच मिटतो.

मार्ग निघत नाहीत असंही नाही. हानले गावाभोवतालचं काळंभोर आकाश डिसेंबर २०२२मध्ये ‘डार्क स्काय रिझर्व्ह’ म्हणून घोषित झालं. तिथले गावकरी दुर्बिणीतून पाहुण्यांना तारे दाखवतात. राहत्या जागी थोडी जास्तीची कमाई झाली, हिवाळ्यात चारा वेळेवर पोचला, कच्च्या मालाला बरा भाव मिळाला, तर प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी कळपाबरोबर राहू शकतं. सगळ्यांनी राहायची गरज नाही. पण राहणाऱ्याला वेड्यात काढावं लागू नये, एवढं तरी व्हायला हवं.

आणि आपण? पुढच्या वेळी दुकानात हजार रुपयांत ‘ओरिजिनल पश्मिना’ मिळाला, तर आधी हसून घ्या. भारतीय मानक ब्यूरोनं २०१९मध्ये पश्मिन्याची ओळख आणि लेबल यांसाठी मानक ठरवलंय, काश्मीर पश्मिन्याला भौगोलिक निर्देशांकही आहे. लेबल मागा, दुकानदार वैतागला तरी चालेल. बाइकवरून मोरे प्लेन्स ओलांडताना कळप रस्त्यावर आला, तर हॉर्न न वाजवता थांबा. दहा मिनिटं उशीर झाला तर आपलं काही बिघडत नाही. समोरून चाललेलीला मात्र थंडीच्या आत अंगावर लव चढवायची आहे, आणि तिला एक्स्टेन्शन मिळत नाही.