छोटा लेथ घेताना

लाकूड कातण्याचा छंद लागला की पहिला प्रश्न लेथच्या किमतीचा येतो. तो जरा बाजूला ठेवून आधी काय कातायचं आहे ते ठरवावं. भोवरा, पेन, लाटणं, देव्हाऱ्याचे खांब, कुंकवाचा करंडा, फार तर फळं ठेवायचा वाडगा. घरच्या घरी कातल्या जाणाऱ्या बहुतेक वस्तू यात आल्या. यात सगळ्यांत लांब लाटणं, चौदा इंचांच्या आसपास, आणि सगळ्यांत रुंद वाडगा, आठेक इंचांचा. एवढ्या कामाला टेबलावर मावणारा, १० ते १२ इंची लेथ पुरतो.

लेथचं माप दोन आकड्यांत सांगतात. पहिला आकडा स्विंगचा, म्हणजे बेडच्या वर जास्तीत जास्त किती व्यासाचं लाकूड फिरू शकेल त्याचा. दुसरा आकडा दोन सेंटरमधल्या अंतराचा. जेट कंपनीच्या एकेकाळच्या एका लोकप्रिय छोट्या लेथच्या नावातच १०१४ होतं: १० इंच स्विंग आणि १४ इंच लांबी. मात्र हे आकडे पूर्णपणे वापरायला मिळत नाहीत. हत्यार टेकवायची पट्टी ज्या बँजोवर बसते तो बेडच्या वर उचललेला असतो, त्यामुळे त्याच्यावरून जाणाऱ्या लाकडाचा व्यास कमी भरतो. भोक पाडण्यासाठी ड्रिल चक लावला की लांबीतले काही इंच जातात. म्हणून लाटणं कातायचं असेल, तर दोन सेंटरमध्ये १६ इंच तरी असावेत.

दुकानात लेथ पाहताना मी माहितीपत्रक नंतर वाचतो, आधी मशीनला हात लावतो. बेड बिडाचा आहे का, हे पहिलं. बीड जड असतं आणि थरथर जिरवतं; पत्र्याच्या किंवा पाइपच्या बेडवर ती थरथर लाकडावर उमटते. दहा इंची लेथ दोघांनी उचलावा लागत असेल, तर ती चांगली खूण समजावी. मग मोटरकडच्या हेडस्टॉकमध्ये दातेरी सेंटर आणि समोरच्या सरकत्या टेलस्टॉकमध्ये फिरतं सेंटर बसवून टेलस्टॉक पुढे सरकवायचा. दोन्ही टोकं एकमेकांसमोर अचूक यायला हवीत. ती केसभर वरखाली असतील, तर लांब जॉबला भोक पाडताना ते एका बाजूला सरकणार. यानंतर हेडस्टॉकचा फिरता दांडा, म्हणजे स्पिंडल, धरून मागेपुढे, वरखाली हलवून पाहावा. खुळखुळ जाणवली तर बेअरिंग सैल आहे. शेवटी लेथ चालू करून हेडस्टॉकवर पाच रुपयांचं जाड नाणं कडेवर उभं करावं. वेग वाढवल्यावरही ते उभं राहिलं तर घडण चोख आहे.

वेगाचं गणित मात्र नीट समजून घ्यायला हवं. कातणाऱ्यांमध्ये एक ढोबळ नियम चालतो: लाकडाचा इंचांतला व्यास आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६००० ते ९००० च्या दरम्यान ठेवावा. आठ इंची वाडग्याला हा वेग ७५० ते ११०० येतो, आणि तोही लाकूड गोल झाल्यावर. ओबडधोबड, एका बाजूला जड असलेला ओंडका याहून हळू फिरवावा लागतो. बरेच स्वस्त लेथ मात्र ७५० च्या खाली उतरतच नाहीत. ते पेनाला चालतात, वाडग्याला नाही. किमान वेग ५०० किंवा त्याहून कमी हवा. वेग नुसत्या बटणावर बदलत असेल, तर हळू फिरताना मोटरची ताकद कमी पडते आणि हत्यार टेकलं की लाकूड थांबतं. बटणासोबत दोन-तीन टप्प्यांच्या पुलीवर पट्टाही बदलता येत असेल, तर कमी वेगातही जोर मिळतो.

वेग कधी वाढवायचा, ते लाटणं कातताना थेट कानांना कळतं. चौकोनी तुकड्याच्या दोन्ही टोकांना कर्ण आखून मध्य काढायचा, तुकडा दोन सेंटरमध्ये घट्ट धरायचा आणि मशीन सुरू करण्याआधी हाताने एक पूर्ण फेरा देऊन तो कुठे अडत नाही ना ते पाहायचं. हळू वेगात रफिंग गाउज टेकवला की प्रत्येक कोपरा हत्यारावर आपटतो आणि टकटक ऐकू येते. कोपरे झडत जातात तशी टकटक विरळ होते आणि मग अखंड सळसळ सुरू होते. लाकूड गोल झालं. आता वेग वाढवायचा आणि तिरप्या धारेच्या स्क्यूने पृष्ठभाग सफाईदार करायचा. धार चांगली असेल तर लांबलचक भिरभोळ्या निघतात आणि पॉलिश पेपरला फार काम उरत नाही. कमी-जास्त वेगाची ही सोय प्रत्येक जॉबला लागते.

स्पिंडलचे आटे हा मुद्दा खरेदीच्या वेळी बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. वाडग्यासाठी चार जबड्यांचा चक लागतो आणि तो स्पिंडलच्या आट्यांवर बसतो. छोट्या लेथमध्ये १ इंच व्यास आणि इंचाला ८ आटे हे माप सर्वाधिक चालतं. युरोपी पद्धतीच्या मशीनवर ३३ मिलिमीटरचे आटे आढळतात. स्पिंडलच्या आतला निमुळता खाचा दोन नंबरच्या मोर्स टेपरचा असावा, कारण बहुतेक जोडसामान त्याच मापात मिळतं. परदेशातून मशीन मागवत असाल, तर मोटरवरच्या पाटीवर २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ लिहिलेलं असल्याची खात्री करा.

ठरवलेले सगळे पैसे लेथवर घालू नयेत. निम्मे राखून ठेवावेत. चक, चार-पाच हत्यारं, ग्राइंडर आणि चेहरा पूर्ण झाकणारी काच यांना ते लागतातच. हत्यारं हायस्पीड स्टीलची घ्यावीत. साध्या कार्बन पोलादाचं पाणी ग्राइंडरवर निळसर होताच उतरतं. रफिंग गाउज वाडग्यावर कधीही वापरू नये. मुठीत शिरणारा त्याचा भाग बारीक असतो आणि आडव्या रेषांच्या लाकडात अडकला तर तो मोडू शकतो. वाडग्याला जाड दांड्याचा बाउल गाउजच हवा. लेथवर सैल बाही, ओढणी, हातमोजे अजिबात नकोत. बारीक भुशासाठी मास्क लावा. शिसवाचा भुसा अनेकांना बाधतो.

तेव्हा बिडाचा बेड, ५०० किंवा त्याखाली उतरणारा वेग, पुलीचे टप्पे, १ इंची आटे, दोन नंबरचा टेपर आणि पट्टा व सुटे भाग मिळण्याची हमी, एवढं जमत असेल तर छोटा लेथ खुशाल घ्या. यातलं काही कमी पडत असेल, तर आणखी काही महिने पैसे जमवा. तोवर एखाद्या काताऱ्याच्या दुकानात उभं राहून त्याचे हात आणि हत्यार टेकवायची पद्धत पाहा. पुढे लेथ आल्यावर ते पाहणं उपयोगी पडेल.